फोटोओळीतलं पाचवं नाव

सोमवार, १७ डिसेंबर २०१२. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. इचलकरंजीच्या विणकर विद्यामंदिरात, दुसरी 'ब'च्या वर्गात, मी भिंतीवर आजीचं चित्र टाचत होतो. शिपाई तातोबा दारात आले आणि म्हणाले, "सर, बाईंनी बोलवलंय. एकजण आलाय, तुमचा पेपर घिऊन."

"काय म्हणतोय?"

"म्हणत काय न्हाई. नुसता हसालाय."

पेपर घेऊन येणारा माणूस सहसा हसत नाही. नाव चुकलेलं असतं, वय चुकलेलं असतं, मयताच्या बातमीत त्याच्या जिवंत भावाचा फोटो गेलेला असतो. जिल्हा दैनिकाच्या इचलकरंजी कार्यालयात तेव्हा माझी अकरा वर्षं झाली होती. उभ्या उभ्या मी त्या दिवशीचं शाळांचं पान मनात वरपासून खालपर्यंत तपासलं. चूक सापडली नाही.

"अल्फिया, तू पुढं घे," मी वर्गाच्या मॉनिटरला सांगितलं. ती फूटपट्टी घेऊन चित्रांपुढे उभी राहिली.

मी त्या शाळेत शिक्षक नव्हतो. पेपरात येण्याआधी मी मागांच्या एका एजंटाकडे नोकरीला होतो. त्यांनी मला चार महिने इटलीत प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि तिथून मी बऱ्यापैकी भाषा घेऊन आलो होतो. जानेवारीत गावात नवे माग बसवायला चार इटालियन फिटर बायकामुलांसह येणार होते. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आवटी आण्णा यांनी मला बोलावून सांगितलं, "आपली पोरं त्यांच्या पोरांशी दोन शब्द बोलली पाहिजेत. आई-बाप, भाऊ-बहीण, एवढं शिकवा. राष्ट्रगीत नको." म्हणून सोमवारी आणि गुरुवारी अर्धा-अर्धा तास मी दुसरी 'ब'वर जात होतो.

सुरुवात सोपी गेली नव्हती. इटालियनमध्ये आईला 'माम्मा' म्हणतात हे ऐकल्यावर वर्धन कोले म्हणाला होता, "सर, आमच्या मामाला मिश्या हायत." काकू, मावशी, आत्या, मामी या सगळ्यांना एकच शब्द, 'त्सीआ', हे तर कुणालाच पटलं नाही. "मग भांडण कुणाशी झालंय ते कसं कळणार?" अल्फियानं विचारलं होतं. मी चाल लावून घेतली. मी विचारायचं, "दोव्हे ला नॉन्ना?" म्हणजे आजी कुठंय. वर्गानं आजीच्या चित्राकडे बोट करून एका सुरात म्हणायचं, "एक्को ला नॉन्ना." ही बघा आजी. तीन आठवड्यांत ही चाल इतकी बसली की मधल्या सुट्टीत डबा, चप्पल, पाण्याची बाटली सगळं त्याच चालीत शोधलं जायचं.

ऑफिसात उपाध्ये बाई दोन्ही तळहात टेबलावर पालथे टेकून बसल्या होत्या. त्या मुख्याध्यापिका. बुटक्या, पन्नाशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांच्यासमोर चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस बसला होता. अंगात करड्या लोकरीचा कोट. आमच्याकडे डिसेंबरातही दुपारी असला कोट कोणी घालत नाही. मी आत जाताच तो उठून उभा राहिला.

"हा फोटो तुमचा?"

"फोटो आमच्या फोटोग्राफरचा. खालची ओळ माझी."

"मग आभार तुमचेच मानले पाहिजेत." त्यानं हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला. "मी सुदर्शन नेजे. केतकीचा वडील. बेर्गामोला असतो, इटलीत. चौदा महिने शोधतोय मुलीला. आज मिरजेत भावाकडे चहा घेताना पान उलटलं, तर मुलगी समोर."

त्यानं पान टेबलावर पसरलं. चित्रं हातात धरलेली पाच मुलं. फोटोओळीत पाच पूर्ण नावं, पुढच्या रांगेतली चार डावीकडून, मग मागची. त्यानं पाचव्या नावाखाली बोट ठेवलं. बाईंनी चष्मा लावला. शाळेचा पेपर त्यांच्या टेबलावर अजून घडीतच होता. त्यांनी ते नाव दोनदा वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तासाभरानं कळला.

"केतकी आज आलेली नाही," बाई म्हणाल्या.

मी आत्ता वर्गातून आलो होतो. ती दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बसली होती. दोन वेण्या, निळ्या रिबिनी.

"असं होय," नेजे म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही वर्गावरूनच आलात ना? आलीय का ती?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या तळहातांभोवती टेबलाच्या काचेवर वाफ धरली होती. काय चाललंय ते मला कळलं नाही. पण पोरीच्या बापाला मुख्याध्यापिका खोटं सांगते आहे आणि सांगताना घाबरली आहे, एवढं कळलं. तिथून मीही घाबरलो.

"हजेरी मी घेत नाही," मी म्हटलं.

ते खरं होतं. नेजे मान हलवून हसला. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक लांबट पाकीट काढलं.

"बाईंना इटालियन येत नाही. तुम्हाला येतं, पेपरातच छापलंय. वाचून दाखवा त्यांना."

तिथल्या न्यायालयाचा आदेश होता. स्वरूपा या पत्नीनं सहा वर्षांच्या मुलीला पतीच्या संमतीशिवाय देशाबाहेर नेलं. मुलीचा ताबा पुढील आदेश होईपर्यंत वडिलांकडे. सही होती, शिक्का होता. मी ओळीला ओळ मराठी करून वाचलं. वाचताना बाईंचा चेहरा पडत गेला, पण शब्द सौम्य करायची मला सवय नव्हती. शेवटी प्रत्येक पानाच्या पायथ्याशी नजर गेली. पाचपैकी एक. पाचपैकी तीन. पाचपैकी पाच.

"दुसरं आणि चौथं पान?"

"त्यात विशेष काही नाही. पत्ते वगैरे."

"पत्ते पहिल्या पानावर आहेत."

"फार बारीक वाचता तुम्ही."

"कामच आहे ते."

"मग शेवटच्या पानावरची सहीपण बारीक वाचा. कायद्याला तेवढी पुरते." त्यानं तिन्ही पानं घडी करून परत पाकिटात घातली. आवाज अजूनही गोड होता. "मी तिला घाबरवायला आलेलो नाही. वर्गाबाहेरून बघतो आणि जातो. आज आलेली नाही म्हणता, तर बघायला काय हरकत आहे?"

आणि तो उठून बाहेर पडला. बाई "थांबा" म्हणाल्या तेव्हा तो व्हरांड्यात पोचला होता. धावत जाऊन कुणा पालकाचा हात धरायची त्या शाळेत कुणालाच सवय नव्हती. मी त्याच्या मागे निघालो. दुसरी 'ब' कुठे आहे हे त्याला सांगायची गरजच पडली नाही. तिसऱ्या दारातून इटालियन ऐकू येत होतं.

"दोव्हे इल फ्रातेल्लो?" अल्फियाचा आवाज.

"एक्को इल फ्रातेल्लो."

नेजे दारात थांबला. मी त्याच्या मागे दोन पावलांवर. त्यानं दोन शब्द पूर्ण ऐकले, भाऊ आणि बहीण. तिसऱ्याच्या आधी अल्फिया श्वास घ्यायला थांबली, तेव्हा त्यानं तीच चाल उचलली.

"दोव्हे केतकी?"

चाळीस हात वर आले. चाळीस बोटं दुसऱ्या रांगेकडे वळली.

"एक्को केतकी."

वर्ग खूश झाला. पाहुण्याला त्यांची भाषा येत होती. वर्धन कोले मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, ह्यांनापण येतंय की."

केतकीचे हात बाकावर होते. बाकीच्यांची बोटं खाली गेल्यावर ती उभी राहिली. साहेब तपासणीला आल्यावर ज्याचं नाव घेतलं जातं ते मूल जसं उभं राहतं तशी, ताठ. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी त्याच्या मागे, माझ्या अंगावरून, व्हरांड्यात पाहिलं. कोणी आणखी आलंय का ते पाहत असावी. मग ती बोलली. एकच वाक्य, भरभर, माझ्या तासात मुलं शब्दाशब्दाला थांबतात तसं न थांबता.

नेजे हसला. "लहान मुलं काय काय लक्षात ठेवतील."

बाई माझ्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या. "काय म्हणाली ती?"

"आई कुठंय विचारते," नेजे म्हणाला. "माम्मा म्हणजे आई."

"हे ऐकून मला मराठीत सांगायला सर आहेत," बाई म्हणाल्या. "सर, काय म्हणाली?"

मी सांगितलं. "ती विचारतेय, पापा, आईला पुन्हा खोलीत कुलूप लावून ठेवणार का."

चाळीस मुलांसमोर मी ते मोठ्यानं बोललो.  अल्फियानं फूटपट्टी खाली घेतली.

"खेळ होता तो आमच्या घरातला," नेजे म्हणाला. "लपाछपी."

"'अंकोरा' म्हणाली ती. पुन्हा. हा शब्द मी शिकवलेला नाही."

या वेळी तो हसला नाही. आत एक पाऊल टाकलं. केतकी जागची हलली नाही, पण तिच्या बाकाखाली फरशीवर पाणी पसरत गेलं आणि शेजारच्या मुलीनं काही न बोलता आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

बाई त्याच्या बगलेतून आत शिरल्या आणि रांगेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्याच्या कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंत येत होत्या त्या.

"तातोबा, फाटक लावा," त्या म्हणाल्या. "नेजे, पाचही पानं घेऊन या, आणि पोलीस घेऊन या. दोन वाजता. तोवर मूल माझ्याकडे."

"आत्ता तर गैरहजर होतं."

"आता हजर आहे."

 वर्गात चाळीस मुलं, दारात मी, व्हरांड्यात शेजारच्या वर्गाच्या दोन शिक्षिका. त्यानं घड्याळ पाहिलं.

"दोन वाजता," तो म्हणाला. मग बाईंच्या डोक्यावरून केतकीला, "अ प्रेस्तो."

लवकरच भेटू.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तातोबांनी त्याला फाटकाबाहेर काढून कडी लावली. बाहेर पांढरी गाडी होती आणि तिच्या स्टिअरिंगवर दुसरा माणूस बसला होता. मी गाडीचा नंबर वहीत लिहिला. 

बाईंनी केतकीला ऑफिसात नेलं, कपाटातला जुना गणवेश दिला. मी दाराबाहेर उभा राहिलो. मला आत बोलावलं नाही. फोनवर बाई एवढंच म्हणाल्या, "स्वरूपा, निघ. होय. आलाय."

ती बारा वाजून पाच मिनिटांनी मोपेडवरून मागच्या फाटकानं आली. गावातल्या एका कारखान्यात कापडाची डिझाइनं करायची. केसांत सुताचा भुरा, एका पायात चप्पल नीट न अडकवलेली. आधी तिनं मुलीला डोक्यापासून पायापर्यंत हात लावून पाहिलं. मग खुर्चीत बसली.

"कसं कळलं त्याला?"

बाईंनी पेपर पुढे सरकवला. तिनं फोटोओळ वाचली.

"नेजे कुणी लिहिलं?"

"मी," मी दारातूनच म्हणालो.

"शाळेत टारे आहे. केतकी अरविंद टारे. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याचं नाव लावलंय तिला. बाई, तुम्ही पेपरला काय नाव दिलं होतं?"

"टारेच दिलं होतं," बाई म्हणाल्या.

दिलं होतं. आवटी आण्णा शुक्रवारी न कळवता मला आणि आमच्या फोटोग्राफरला घेऊन शाळेत आले होते. बाई तालुक्याला बैठकीत होत्या. उच्चार चांगले असलेली पाच मुलं मीच निवडली. 'फामिल्या' म्हणजे कुटुंब; लिहिताना त्यात 'ग' असतो, बोलताना नसतो. सगळा वर्ग तो 'ग' ठासून म्हणायचा, एकटी केतकी तो बरोबर गिळायची. मला वाटलं, मी चांगलं शिकवतोय. शनिवारी बाई माझ्या कार्यालयात येऊन म्हणाल्या होत्या, ही पाचवी मुलगी फोटोतून काढा. मी म्हटलं, कडेची असती तर कापली असती, मागे मधोमध उभी आहे. मग नाव घालू नका, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चार नावं देऊन पाचवं गाळलं तर तिचे पालक भांडायला येतील, नावाशिवाय चेहरा आमच्याकडे जात नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही. स्वरूपाला तसा शब्द दिला होता त्यांनी. शेवटी रजिस्टरवरनं पाच नावं लिहून दिली आणि गेल्या.

रविवारी पान लावताना मी यादी माझ्या वहीशी ताडून पाहिली. वहीत त्याआधीच्या गुरुवारच्या तासाची टिपणं होती. प्रत्येक मुलानं उभं राहून स्वतःचं आणि वडिलांचं नाव इटालियनमध्ये सांगायचं, असा धडा होता. मी शब्दशः उतरवून घेतलं होतं. यादीत टारे, वहीत नेजे. बाईंच्या घरी दोनदा फोन लावला, उचलला नाही. साडेसहाला पान सुटायचं होतं. माझा नियम होता, नाव ज्याचं त्याच्या तोंडून. एकदा एका शाळेच्या यादीवर विसंबून मी दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचं आडनाव चुकवलं होतं आणि संपादकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. मी टारे खोडलं.

हे मी स्वरूपाला सांगितलं. वहीसुद्धा दाखवली. आता वाटतं, वही दाखवायची काही गरज नव्हती.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीला समोर उभं केलं.

"केतू, आपलं काय ठरलंय? नाव विचारलं की काय सांगायचं?"

"केतकी अरविंद टारे." एका दमात.

"बाबांचं नाव?"

"अरविंद बाबगोंडा टारे."

"गाव?"

"हुपरी."

"रोज रात्री म्हणून घेते मी," स्वरूपा बाईंना म्हणाली. "झोपेतून उठवून विचारलं तरी सांगते. मग सरांना का नाही सांगितलंस?"

केतकी विचारात पडली. ती घाबरलेली होती, पण प्रश्न तिला खरोखरच कळत नव्हता.

"सरांनी मराठीत विचारलंच नाही," ती म्हणाली.

 बाहेर दुसऱ्या वर्गाचे पाढे चालू होते.

स्वरूपानं तोंडावर हात ठेवला. मग काढला. "त्याच्या घरी मराठी बोलायचं नाही," ती म्हणाली, आणि या वेळी माझ्याशी बोलत होती. "स्वतः रोज सकाळी कॉम्प्युटरवर तुमचा पेपर वाचणार. आणि आम्ही दोघी मराठी बोललो की चिडणार, पोरगी तिकडच्या शाळेत मागं पडेल म्हणून. तिला नाव, पत्ता, बापाचं नाव सगळं इटालियनमध्ये पाठ करून घेतलं होतं त्यानं, हरवली तर सांगायला. मी मराठीतलं बदललं. ते बदलायचं डोक्यातच आलं नाही. इचलकरंजीत तिला कोण इटालियनमध्ये नाव विचारणार आहे?"

बाईंनी तिला आदेशाबद्दल सांगितलं. तीन पानं, दोन गायब.

"दुसऱ्या पानावर मी काय सांगितलं ते आहे," स्वरूपा म्हणाली. "मानलं नाही त्यांनी. चौथ्यावर काय आहे मला माहीत नाही. मी निघाल्यावरचं आहे ते."

ती खरं बोलत होती का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. दोन्ही पानं मी पाहिलेली नाहीत. मी फक्त मुलीचं वाक्य ऐकलं.

"माझ्या कार्यालयाची जीप आहे," मी म्हणालो. "पाच मिनिटांत येईल. कुठं सोडायचं तिथं सोडतो."

"तुम्हाला सांगत नाही मी कुठं जाणार ते. तुम्ही छापाल."

बाई म्हणाल्या, "स्वरूपा, पोलिसांकडे चल. मी येते बरोबर."

"त्याच्याकडं सहीशिक्क्याचा कागद आहे, बाई. माझ्याकडं काय आहे? खोटं नाव लावलेलं रजिस्टर. त्यात तुमचीपण सही आहे."

 स्वरूपानं केतकीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं. मोपेडवर मुलीला मागे न बसवता पुढे उभं केलं, पायांच्या मध्ये, आणि तिच्या डोक्यावरून स्वतःची ओढणी घेतली. केतकीनं खालून विचारलं, "गुरुवारी यायचं ना?" आई म्हणाली, "बोलू नको आता." बारा वाजून पंचवीस मिनिटांनी मागच्या गल्लीत मोपेड वळली. दोन्ही बाजूंना माग चालू होते. तिचा आवाज लगेच त्यात बुडाला.

दोन वाजता आम्ही ऑफिसात बसून होतो. बाई, मी आणि बाईंच्या ओळखीचे एक वकील. फाटकाला कडी होती आणि तातोबा स्टूल टाकून बसले होते. सव्वादोन झाले. अडीच झाले. बाईंना फोन वाजावासा वाटत होता आणि वाजू नयेसाही वाटत होता, हे त्यांच्या हाताकडे बघून कळत होतं.

"न्हाई येत आता," तातोबा म्हणाले.

"मग बरंच झालं की," वकील म्हणाले.

 ज्याला मूल हवं आहे आणि ज्याच्याकडे सहीशिक्क्याचा कागद आहे, तो दोन वाजता का आला नाही, याचं एकच उत्तर आम्हा बाकी तिघांना सुचत होतं. त्याला शाळेत यायची गरज उरली नव्हती.

सव्वातीनला बाईंकडून पत्ता घेऊन मी एकटा स्वरूपाच्या खोलीकडे गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या बाई सुकलेले कपडे काढत होत्या. म्हणाल्या, स्वरूपा पाऊणच्या सुमारास आली, पिशवी भरली, पाच मिनिटांत गेली, मुलगी बरोबर होती. मी विचारलं, गल्लीत पांढरी गाडी होती का? "होती की एक कोपऱ्यावर," त्या म्हणाल्या. "पन पांढऱ्या गाड्या काय एक हाईत का गावात?"

मी वहीतला नंबर बाईंना दिला. त्यांनी तो चार वाजता पोलीस ठाण्यात नेऊन दिला, रजिस्टरसकट. खोट्या नावाबद्दल त्यांच्यावर चौकशी झाली आणि एक वेतनवाढ थांबली. मिरजेच्या भावानं पोलिसांना सांगितलं की सुदर्शन सकाळी गाडी घेऊन गेला तो परत आला नाही, त्याचं सामान इथंच आहे. आठवड्यानं तो येऊन सामान घेऊन गेला. त्याच्याबरोबर मुलगी नव्हती, असं भाऊ म्हणाला. भावाच्या शब्दापलीकडे त्याला आधार नाही. टारे कुटुंबानं आपल्याला काही माहीत नसल्याचं लिहून दिलं. मोपेड तीन दिवसांनी सांगलीच्या बसस्थानकाबाहेर मिळाली. किल्ली तिला लावलेलीच होती.

जानेवारीत इटालियन कुटुंबं आली. दुसरी 'ब'नं चित्रं दाखवून सगळे शब्द बिनचूक म्हटले. मी गेलो नाही. त्या कार्यक्रमाची बातमी दुसऱ्यानं केली. मी सांगितल्यामुळे मुलांची नावं दिली नव्हती.

जुलै २०१५मध्ये उपाध्ये बाईंचा फोन आला. शाळेला पत्र आलं होतं. नाशिककडच्या एका प्राथमिक शाळेनं विद्यार्थिनीला पाचवीत तात्पुरता प्रवेश दिला असून शाळा सोडल्याचा दाखला पाठवावा, दाखल्यावर पालकांचा सध्याचा पत्ता नमूद करावा, असा मजकूर. नाव, केतकी सुदर्शन नेजे.

"आमच्या रजिस्टरला टारे आहे," बाई म्हणाल्या. "तिच्या आईनं तिला शाळेत घातलं असतं तर टारे लिहिलं असतं. नेजे हे नाव फक्त तुमच्या पेपरात होतं."

मी त्या दिवशी नाशिकच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याला तो पत्ता पाहायला लावला. तिथं त्या नावाची शाळा नव्हती. कधीच नव्हती. दुसऱ्या सहकाऱ्याकडूनही खात्री करून घेतली. शिक्का बनवलेला होता.

म्हणजे जुलै २०१५पर्यंत कोणीतरी तिला शोधत होतं. आणि शोधत होतं म्हणजे तोवर ती सापडलेली नव्हती. बाईंनी पत्राला उत्तर पाठवलं नाही. मूळ पत्र पोलिसांकडे दिलं, झेरॉक्स माझ्याकडे आहे.

बाई २०१८मध्ये निवृत्त झाल्या. मी दर जून-जुलैत शाळेत जाऊन आवकजावक रजिस्टर बघतो. त्या एका पत्रानंतर दुसरं पत्र आलेलं नाही. शोध थांबला की ती सापडली, ते त्यावरून कळत नाही.